अक्कल, जज्बा आणि जमात

माणूस जे विचाराने मान्य करतो ते आचरणात आणतोच असे नाही, आणि जे आचरणात आणतो त्यामागे विचार असतोच असेही नाही. हे सांगायला तत्त्वज्ञ लागत नाही. घरातला आणि मोहल्ल्यातला रोजचा अनुभव तेच सांगतो. पण असे का होते, माणसाच्या विचाराला आणि वागण्याला नेमके कोण अडवते, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. बुद्धी, भावना आणि समाज या तिघांनी माणसाला घडवले, तसे त्याला बांधूनही ठेवले. हे बांधणे अनेकदा जाच ठरले. कधी मात्र त्यानेच एका माणसाचा हात दुसऱ्याच्या गळ्यापासून दूर ठेवला.

याचे ठळक उदाहरण आपल्याच ठाणे जिल्ह्यात आहे. उल्हास नदीकाठच्या मोहन्यापासून भिवंडी काही फार लांब नाही. या भिवंडीत ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी दंगल पेटली आणि तिचे लोण जळगाव, महाडपर्यंत गेले. चौदा वर्षांनी, मे १९८४ मध्ये, भिवंडी पुन्हा जळाली. या वेळी भिवंडी, ठाणे आणि मुंबई मिळून दोनशेहून अधिक माणसे मारली गेली. 'दंगलीचे शहर' हा शिक्का आता पुसला जाणार नाही, असेच सगळे धरून चालले होते. पुढे ६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेली. मुंबईत त्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत मिळून सुमारे ९०० माणसे मेली. भिवंडी मात्र शांत राहिली.

माणसे तीच होती, मशिदी आणि मंदिरे तीच होती, यंत्रमागांचा खडखडाट तोच होता. मशीद पडल्याचे दुःख भिवंडीच्या मुसलमानाला मुंबईच्या मुसलमानापेक्षा कमी झाले होते, असे कोणी म्हणणार नाही. मग आठ वर्षांत बदलले काय? या प्रश्नाकडे वळण्याआधी बुद्धी, भावना आणि समाज या तिघांविषयी आपल्या परंपरेने काय जाणले होते, ते पाहू.

बांधणारे शब्द

मराठीत आपण 'अक्कल' हा शब्द सर्रास वापरतो. तो अरबी 'अक्ल'वरून आला. या शब्दाच्या मुळाशी बांधण्याची कल्पना आहे. उंट भरकटू नये म्हणून ज्या दोरीने त्याचा पाय बांधतात तिला अरबीत 'इकाल' म्हणतात. अक्ल आणि इकाल हे एकाच धातूपासून निघालेले शब्द. म्हणजे बुद्धीचे पहिले काम अरबी भाषेने सांगितले ते आवरण्याचे.

जमातीला एकत्र ठेवणाऱ्या भावनेला इब्न खल्दून 'असबिया' म्हणतो. त्या शब्दाच्या धातूचा अर्थही आवळणे, गुंडाळून बांधणे असाच आहे. तिसरा शब्द 'जज्बा'. उर्दूच्या वाटेने तो आपल्या घराघरांत आला. अरबीत 'जज्ब' म्हणजे ओढणे. अक्कल बांधते, जमात बांधते आणि जज्बा ओढतो. माणसाचे सारे वागणे या ओढाताणीत चालते.

आपला 'मर्यादा' हा शब्दही पाहण्यासारखा आहे. एखाद्याच्या मर्यादा म्हणजे त्याच्या उणिवा. पण मर्यादा पाळणारा माणूस म्हणजे सभ्य माणूस. उणीव आणि सभ्यता या दोन्ही गोष्टी एकाच शब्दात बसल्या आहेत. म्हणून मर्यादा असावी की नसावी, असा प्रश्न करून फारसे हाती लागत नाही. कोणती मर्यादा विचाराला अडवते आणि कोणती हाताला, हे पाहावे लागते.

फटके मारणारी बुद्धी

बुद्धीवर कसलेच बंधन नको, तिचेच राज्य असावे, असे अनेक सुधारकांना वाटते. तसे राज्य इस्लामी इतिहासात एकदा आले होते. मुतझिला पंथाचे विचारवंत बुद्धिप्रामाण्याचे कट्टर पुरस्कर्ते. बरे काय आणि वाईट काय हे माणसाला बुद्धीने कळू शकते, असे ते मानत. अब्बासी खलिफा मामून त्यांच्या मताचा होता. ग्रीक ग्रंथांच्या अरबी भाषांतराला त्याने मोठे उत्तेजन दिले. आणि याच विद्याप्रेमी मामूनने इ. स. ८३३ मध्ये 'मिहना', म्हणजे परीक्षा, सुरू केली. काजी आणि उलेमांना बोलावून विचारले जाई, कुरआन निर्माण केलेला आहे की अनादी आहे? 'निर्माण केलेला' हे दरबारचे मत जो मान्य करणार नाही त्याचे पद जाई किंवा त्याची रवानगी तुरुंगात होई.

इमाम अहमद इब्न हंबल यांनी मान तुकवली नाही. मामूननंतर आलेल्या मुअतसिमच्या काळात त्यांना फटके मारण्यात आले. पुढे खलिफा मुतवक्किलने ही चौकशी बंद केली. तोपर्यंत व्हायचे ते होऊन गेले होते. फटके खाणारे इमाम लोकांच्या हृदयात बसले आणि बुद्धिवाद दरबारी जुलमाचा सोबती म्हणून लक्षात राहिला. मुतझिला पुढे मागे पडले त्याची कारणे अनेक आहेत. पण ज्या विचाराने लोकांना पटवण्याऐवजी शिपाई पाठवले, त्या विचाराला लोक मुकले, ही गोष्ट त्या कारणांत धरावीच लागते.

कळते पण वळत नाही

बुद्धीची दुसरी मर्यादा इमाम गझाली यांच्या आयुष्यात दिसते. गझाली (१०५८–११११) बगदादच्या निजामिया मदरशात शिकवत. त्या काळच्या विद्वानाला याहून मोठा मान नव्हता. शेकडो विद्यार्थी, दरबारात वजन, चहूकडे कीर्ती. पण आपण शिकवतो ते अल्लाहसाठी की नावासाठी, या प्रश्नाने त्यांना घेरले. उत्तर त्यांच्या बुद्धीला लगेच कळले होते. पद सोडून निघून जायला हवे, हेही कळले होते. तरी १०९५ साली सुमारे सहा महिने त्यांना पाऊल उचलता आले नाही. सकाळी निश्चय करावा आणि संध्याकाळपर्यंत तो ढळावा, असे चालले होते. अखेर त्यांची वाचा बसली. वर्गात तोंडातून शब्द फुटेना, घास उतरेना. दुखणे मनाचे आहे, असे हकिमांनी सांगितले. शेवटी मक्केला जातो असे लोकांना सांगून त्यांनी बगदाद सोडले आणि ते शामच्या वाटेला लागले.

त्या युगातला अत्यंत तल्लख मेंदू, आणि त्यालाही 'लोक काय म्हणतील' या प्रश्नापुढे खोटे कारण द्यावे लागले. ही हकिकत गझालींनी स्वतः लिहून ठेवली, म्हणून ती आपल्याला माहीत आहे. आपल्या मराठीत 'कळते पण वळत नाही' असे म्हणतात, त्याचे इतके प्रांजळ उदाहरण क्वचित सापडेल. कळण्याचे काम बुद्धी करते. वळण्यासाठी भावनेची साथ आणि समाजाची मोकळीक, दोन्ही लागतात.

समाज नसता तर बुद्धी कुठवर गेली असती? अंदलुसचा हकीम आणि विचारवंत इब्न तुफैल (मृत्यू ११८५) याने हा प्रश्न 'हय्य इब्न यकझान' या कथेत मांडला. निर्जन बेटावर हरिणीच्या दुधावर वाढलेले मूल, ना भाषा, ना गुरू. निव्वळ निरीक्षण आणि विचार यांच्या बळावर ते सृष्टीच्या आणि तिच्या कर्त्याच्या ज्ञानापर्यंत पोहोचते. पण कथा इथे संपत नाही. मोठा झालेला हय्य माणसांच्या वस्तीत जातो आणि आपल्याला कळलेले त्यांना सांगू लागतो. लोक आधी ऐकतात, मग कंटाळतात, मग चिडतात. हार मानून तो बेटावर परततो. हे लिहिणारा इब्न तुफैल स्वतः मात्र बेटावर गेला नाही. तो सुलतानाचा हकीम म्हणून माणसांतच राहिला. तरुण इब्न रुश्दला दरबारात त्यानेच पुढे आणले. त्या इब्न रुश्दलाही ११९५ मध्ये हद्दपारी भोगावी लागली.

इब्न खल्दून (१३३२–१४०६) याने या सगळ्याची सामाजिक बाजू पाहिली. माणूस एकटा जगू शकत नाही. अन्नासाठी आणि रक्षणासाठी त्याला दुसरा माणूस लागतो. या गरजेतून असबिया जन्मते. तिच्या बळावर टोळ्या राज्ये उभारतात, आणि ती सैल पडली की राज्ये कोसळतात. असबियात मोठी शक्ती आहे हे त्याने सांगितले. ती न्यायाच्या बाजूची असतेच, असे मात्र त्याने म्हटले नाही. आपल्या माणसाचे चुकले तरी त्याच्याच बाजूने उभे राहायचे, ही तिची दुसरी बाजू.

सेहेचाळीस दिवस

आता महाराष्ट्रात येऊ. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई (१९३२–१९७७) हे आपल्या समाजातले बुद्धिवादी परंपरेचे पहिले ठसठशीत नाव. १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा त्यांनी विधिमंडळावर नेला. तोंडी तलाक बंद करा, बहुपत्नीत्व बंद करा, ही मागणी. सात ही संख्या त्या वेळी अनेकांच्या थट्टेचा विषय झाली. पण घराबाहेर पडण्यासाठी त्या सात जणींना काय ओलांडावे लागले असेल, याचा हिशेब थट्टा करणाऱ्यांनी केला नाही. पुढे २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना झाली.

त्यानंतर बरोबर सेहेचाळीस दिवसांनी भिवंडी पेटली.

या दोन तारखा आपल्या इतिहासलेखनात सहसा एकत्र मांडल्या जात नाहीत. दलवाईंचे चाहते सुधारणेचा इतिहास लिहितात आणि समाज मागासलेला म्हणून त्याने त्यांना नाकारले, असे सांगतात. समाजाचे कैवारी दंगलींचा इतिहास लिहितात आणि सुधारकांना परक्यांचे हस्तक ठरवतात. पण दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या डोक्यात एकाच वेळी घडत होत्या. दुकान जळालेल्या, मुलगा कोठडीत असलेल्या बापाला त्याच महिन्यात कोणी सांगावे की तुझा तलाकचा कायदा अन्यायाचा आहे. सांगणाऱ्याचे म्हणणे शंभर टक्के खरे असले तरी ऐकणाऱ्याच्या कानात ते शिरणार नाही. न्यायमूर्ती मादन आयोगाने १९७० च्या दंगलीच्या चौकशीत पोलिसांच्या पक्षपातावर स्पष्ट बोट ठेवले. जिथे रक्षक आपला नाही असे वाटते, तिथे माणूस जमातीच्या कुशीत शिरतो. आणि कुशीत शिरलेला माणूस जमातीला प्रश्न विचारत नाही.

भीती विचाराला कशी बांधते, हे १९८५ मध्ये साऱ्या देशाने पाहिले. इंदूरच्या शाहबानो यांना १९७८ मध्ये, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, तलाक मिळाला. उच्च न्यायालयाने त्यांना दरमहा १७९ रुपये २० पैसे पोटगी ठरवून दिली. २३ एप्रिल १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. एवढ्याशा रकमेवरून देशभर मोर्चे निघाले. भिवंडीच्या दुसऱ्या दंगलीला तेव्हा वर्षही झाले नव्हते, ही गोष्ट विसरून चालणार नाही. मोर्चातल्या बहुतेकांना निकालपत्रात काय आहे हे माहीत नव्हते. शरियत धोक्यात आहे, एवढेच त्यांना सांगण्यात आले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस शाहबानो यांनी हा निकाल आपल्याला नको, असे जाहीर केले. न्यायालयात जिंकलेली बाई मोहल्ल्यात हरली. १९८६ मध्ये संसदेने नवा कायदा करून त्या हरण्यावर शिक्कामोर्तब केले.

पुढचा प्रवास संथ झाला. सप्टेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९८६ च्या कायद्याचा अर्थ असा लावला की, नवऱ्याने इद्दतीच्या काळातच बायकोच्या पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद केली पाहिजे. २२ ऑगस्ट २०१७ रोजी एका दमात दिलेला तिहेरी तलाक तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने रद्द झाला. सात स्त्रियांच्या मोर्चाला तेव्हा एक्कावन्न वर्षे झाली होती. मेहरुन्निसा दलवाई यांनी पतीच्या पश्चात चाळीस वर्षे हे काम चालू ठेवले. त्यांचे त्याच वर्षी जूनमध्ये निधन झाले. निकाल त्यांना पाहता आला नाही. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितले की, पोटगीचा सर्वसाधारण कायदा तलाकशुदा मुस्लिम स्त्रीलाही लागू आहे.

तिहेरी तलाकविरुद्ध न्यायालयात गेल्या त्या मुस्लिम स्त्रिया होत्या, ही अभिमानाची गोष्ट. पण २०१९ च्या कायद्याने तलाक देणाऱ्या नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली, तेव्हा सुधारणेच्या बाजूच्या अनेकांनाही अस्वस्थ वाटले. मिहनाचा इतिहास ज्याने वाचला आहे, त्याला या अस्वस्थतेचे कारण समजेल. पन्नास वर्षे आपण आपसात बोललो असतो तर शिपाई यायची गरज पडली नसती.

वाळीत टाकण्याची सत्ता

जमात माणसाला बांधते ती नुसत्या प्रेमाने नव्हे. तिच्या हाती शिक्षा असते. कोकणात तिला 'वाळीत टाकणे' म्हणतात. पाणी बंद, लग्नाचे आमंत्रण बंद, मयताला खांदा बंद. ही रीत एका धर्माची नाही. रायगड जिल्ह्यातल्या हिंदू गावांतल्या वाळीत प्रकरणांनी वर्तमानपत्रांचे रकाने भरले आहेत. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्काराविरुद्ध कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. असगर अली इंजिनिअर (१९३९–२०१३) यांनी या बोहरा बहिष्काराची झळ स्वतः सोसली. दलवाई धर्माच्या चौकटीबाहेर उभे राहून बोलत होते. इंजिनिअर कुरआनचा आधार घेऊन आतून बोलत होते. समाजाची दारे दोघांवरही बंद झाली. तेव्हा सुधारकाने गोड बोलावे म्हणजे समाज ऐकतो, हा समजही पुरता खरा नाही. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध पुन्हा कायदा केला. कायद्याने बहिष्कार घालणाऱ्याला शिक्षा होईल. वाळीत पडण्याचे भय मात्र कायद्याने मनातून जात नाही.

भिवंडी का जळाली नाही

इथवर जमातीची दोरी जाचाचीच वाटली असेल. आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. दंगलींचा अभ्यास करून त्यांनी मोहल्ला समित्यांची कल्पना राबवली. शांतता समित्या पूर्वीही होत्या. पण त्यांत शहरातले पुढारी आणि प्रतिष्ठित लोक बसत. दंगल झाल्यावर त्यांची बैठक होई, चहा होई, पत्रक निघे. खोपडे यांनी वस्तीवस्तीतली साधी माणसे घेतली. यंत्रमागवाला, दुकानदार, शिक्षक, रिक्षावाला. एकाच गल्लीच्या दोन टोकांना राहणारे हिंदू आणि मुसलमान एकत्र बसू लागले. त्या भागातला पोलीसही त्यांच्यात बसू लागला. बैठकीचे विषय साधेच असत. गटार, नळावरचे भांडण, पोरांची टवाळकी, कर्ण्याचा आवाज. आधी झालेल्या पक्षपातामुळे पोलीस म्हणजे शत्रू वाटत होता. आता त्याला नाव मिळाले, चेहरा मिळाला. पोलिसालाही मोहल्ल्यात शिरताना लाठीऐवजी ओळख कामी येऊ लागली.

डिसेंबर १९९२ मध्ये अफवा भिवंडीतही आल्या. पण अफवा खरी की खोटी हे विचारायला आता पलीकडच्या गल्लीत माणूस होता. अफवेला बुद्धी थोपवू शकते, पण बुद्धीला माहिती लागते आणि माहिती ओळखीतून येते. ज्याच्याशी चार वर्षे गटारीवरून वाद घातला त्याच्या घरावर दगड टाकताना हात जड होतो. याला मराठीत भीड म्हणतात, उर्दूत मुरव्वत. ही भावनाच आहे. भावना दंगल पेटवते हे आपण नेहमी ऐकतो. भावनेनेच ती रोखलीही जाते, हे भिवंडीने दाखवले. 'जनाची नाही तर मनाची तरी लाज' असे आपल्याकडे म्हणतात. भिवंडीत जन आणि मन दोन्ही एका बाजूला आले.

खोपडे यांनी पुढे 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?' या नावाचे पुस्तकच लिहिले. अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अलीगढ-कालिकत, हैदराबाद-लखनौ, अहमदाबाद-सुरत अशा शहरांच्या जोड्यांची तुलना केली आणि असाच निष्कर्ष काढला. जिथे व्यापारी संघ, कामगार संघटना, क्लब अशा संस्थांत दोन्ही समाजांची माणसे एकत्र बांधलेली असतात, तिथे दंगल पसरायला जागा मिळत नाही. इब्न खल्दूनच्या भाषेत सांगायचे तर असबिया रक्ताची किंवा पंथाचीच असली पाहिजे असे नाही. गल्लीचीही असबिया बांधता येते.

पण ही दोरी एकदा बांधून कायमची पुरत नाही. ५ जुलै २००६ रोजी भिवंडीत कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून तंटा पेटला. गोळीबारात दोन मुसलमान ठार झाले आणि जमावाने दोन पोलिसांना ठार मारले. पोलीस आणि मोहल्ला यांच्यातला जो धागा पूर्वी विणला गेला होता, तो किती विरला होता हे त्या दिवशी कळले. हे लिहिताना आपल्या बाजूच्या मृतांइतकेच त्या दोन पोलिसांचे मरणही आपल्याला बोचले पाहिजे. नाही तर आपली असबिया न्यायाची नाही, असे म्हणावे लागेल.

मोहन्यातली दोरी

आता मोहन्याचा विचार करू. मोहने-आंबिवली म्हणजे एनआरसीचे गाव, अशीच याची ओळख होती. नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनच्या कारखान्याने इथे कुठून कुठून माणसे आणली. भोंगा झाला की घाटावरचा, कोकणातला, उत्तरेचा आणि दक्षिणेचा कामगार एकाच फाटकातून आत शिरे. पाळी एक, कँटीन एक, युनियन एक. सणावाराला डबे इकडून तिकडे जात. या माणसांनी सर्वधर्मसमभावावर पुस्तके वाचली नव्हती. त्यांना बांधणारी दोरी कामाची होती. २००९ मध्ये कारखान्याला टाळे लागले आणि कामगारांच्या देण्यांचा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत राहिला. पगार गेला तो सगळ्यांना दिसला. भोंग्याबरोबर तुटलेली दोरी तितकी कोणाच्या लक्षात आली नाही. कारखाना गेल्यावर माणसाला बांधायला उरते काय? जात, जमात, प्रांत. पुढची पिढी एकाच वस्तीत वाढते, पण एकमेकांच्या घराचा उंबरा ओलांडायचे तिला कारण राहत नाही.

अशी दोरी घडवायची कशी, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. कल्याणच्या दक्षिणेला मलंगगडावर हाजी मलंग बाबांचा दर्गा आहे. त्याची वंशपरंपरागत विश्वस्ती कल्याणच्या केतकर या ब्राह्मण घराण्याकडे आली, आणि बाबांचा उरूस माघी पौर्णिमेला भरतो. मुसलमानाच्या दर्ग्याची व्यवस्था ब्राह्मणाकडे आणि उरुसाची तारीख हिंदू तिथीने, ही रचना कुठल्या एका ग्रंथात बसणार नाही. १९८० च्या दशकापासून या गडावरही हक्काचा वाद उभा करण्यात आला. तरीही माणसे गड चढतातच. रचना टिकते ती अशी, येण्याजाण्याने.

तेव्हा बुद्धी, भावना आणि समाज माणसाला बांधतात, हे गाऱ्हाणे करण्यात अर्थ नाही. उंटाचा पाय बांधला नाही तर तो वाळवंटात हरवतो. बांधून ठेवला आणि सोडलाच नाही, तर तो जागच्या जागी मरतो. प्रत्येक दोरीला विचारायचा प्रश्न साधा आहे: ही कोणाचे नुकसान थांबवते, आणि कोणाचे तोंड बंद करते? मोहल्ला समितीच्या दोरीने दगड धरलेला हात थांबवला. शाहबानोंच्या वेळच्या दोरीने बासष्टाव्या वर्षी घराबाहेर पडलेल्या एका बाईचे तोंड बंद केले. दोन्हींना आपण 'समाजाची एकी' असेच नाव देतो.

या दोघींत आणखी एक नाते आहे. शेजारच्या समाजाची भीती जितकी कमी, तितके आपल्या समाजात मोकळे बोलणे सोपे. भिवंडीत शांतता राखणारा माणूस नकळत आपल्या घरातल्या मुलीच्या प्रश्नालाही जागा करून देत असतो. म्हणून सलोखा आधी की सुधारणा आधी, हा वाद आता पुरे करावा. मशिदीच्या जमातखान्यात तलाक, वारसा, मुलींचे शिक्षण यांवर बोलणे आणि गल्लीच्या टोकाशी शेजाऱ्यासोबत गटारीवर बोलणे, ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतील. मोहन्यात ती करायला भोंग्याची वाट पाहण्याचे कारण नाही.